"लायसन्स मिळालंय, आता परत काय शिकू?"

"मुलाला गाडीचं लायसन्स मिळून चार महिने झाले. अजून थोडे दिवस क्लास लाव म्हटलं, की दार आपटून निघून जातो. त्याला समजवायचं तरी कसं?" हा प्रश्न घेऊन एक आई-वडील आले होते. असे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी वरचेवर येतात, म्हणून ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून हा अनुभव सांगते.

मुलगा एकोणीस वर्षांचा. खुर्चीत बसता बसताच म्हणाला, "मॅडम, मी परीक्षा पास झालोय. परत क्लास म्हणजे मला येत नाही असंच ना?"

मला त्याचा राग आला नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी १९८१ साली विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की तुमच्या गटात तुम्ही किती चांगली गाडी चालवता? अमेरिकेतल्या ९३ टक्के मुलांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं, स्वीडनमधल्या ६९ टक्क्यांनी. आपण बरी चालवतो असं बहुतेकांना मनापासून वाटत असतं. अशा वेळी "शीक" हा शब्द अपमानासारखाच लागतो.

म्हणून मी क्लासचं नावच काढलं नाही. म्हटलं, "शेवटची गाडी कधी चालवलीस? निघाल्यापासून सगळं सांग." तो रंगून सांगू लागला. गिअर, पिकअप, ट्रकला केलेला ओव्हरटेक. किल्लीची रिंग बोटात गरगर फिरत होती.

"ट्रकच्या पुढं काय होतं?"

रिंग थांबली. "पुढचं... दिसत नव्हतं."

बराच वेळ गप्प बसला. मग खाली बघत वेगळीच गोष्ट सांगितली. रात्र, पाऊस, गाडीत तीन मित्र. समोरच्या गाडीचा अप्पर थेट डोळ्यांवर आला आणि रस्ताच दिसेनासा झाला. "मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो, मॅडम. ब्रेक नाही, काही नाही. मित्र म्हणाले, काय भारी चालवतोस!"

"घरी सांगितलंस?"

"बाबा म्हणाले असते, बघ, तरी मी सांगत होतो."

सगळी गाठ इथं होती. मुलगा घाबरला होता, पण ती भीती ठेवायला घरात जागा नव्हती. मी कागद पुढे केला. ताशी ६० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. "किती वेळ दिसलं नाही?" "तीनेक सेकंद." त्यानेच लिहिलं: ५० मीटर. त्या आकड्याकडे तो बघत राहिला.

मग स्वतःच म्हणाला, "गाडी घसरली तर सावरायला शिकवतात, तो कोर्स करू का?" इथं मी त्याला थांबवलं. नॉर्वेत १९७९ पासून निसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं. पुढे तपासलं तेव्हा तरुण पुरुषांचे तशा रस्त्यांवरचे अपघात उलट वाढलेले आढळले. सावरता येईल या भरवशावर माणूस सावधपणा सोडतो. मला ऑस्ट्रियाची २००३ पासूनची पद्धत अधिक पटते: लायसन्स मिळाल्यावर प्रशिक्षकाबरोबर फेऱ्या, एक दिवस सराव आणि त्याच दिवशी मानसशास्त्रज्ञाबरोबर गटात मोकळं बोलणं. त्याच्यासाठी एवढंच ठरवलं, की प्रशिक्षक शेजारी बसेल आणि हा गाडी चालवताना मोठ्याने बोलत जाईल. काय दिसतंय, काय झाकलेलं आहे, तिथून कोण बाहेर येऊ शकतं.

वडिलांकडे दोन गोष्टी मागितल्या. "तरी मी सांगत होतो" हे वाक्य घरात पुन्हा नको. आणि पहिली फेरी त्यांनी स्वतः मारायची. दुसरी ऐकून त्यांचा चेहरा उतरला. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला मी हे काय सांगतेय! पण गेले. पुढच्या गाडीच्या फार जवळ चालवता, असं प्रशिक्षकाने ऐकवलं. रात्री जेवताना त्यांनी ते जसंच्या तसं मुलाला सांगितलं. माझ्या चार भेटींनी झालं नसतं ते काम त्या एका जेवणाने झालं, असं मला अजूनही वाटतं.

तीन आठवड्यांनी मुलाचा फोन आला. "मॅडम, पावसातली रात्रीची फेरी मागून घेतलीये. त्या रात्रीचं मात्र बाबांना अजून सांगितलेलं नाही. आज सांगतो."