बढती झाली, आता दीड लाखाचे कपडे घ्यावेत का?

प्रश्न : मी ३८ वर्षांची आहे, सांगलीत राहते. एका खासगी वित्तसंस्थेत अकरा वर्षं हिशेब विभागात काम केलं. पुढच्या महिन्यापासून विभागीय व्यवस्थापक म्हणून बढती मिळतेय. हातात येणारा पगार ४६,००० वरून ५८,००० होईल. आता रोज ग्राहकांसमोर बसायचं आणि महिन्यातून दोनदा पुण्या-मुंबईच्या मीटिंगांना जायचं. कपाटात चाळीसेक कुर्ते आहेत, तरी घालण्यासारखं काही नाही असं रोज वाटतं. चारचौघांत बोलताना माझं निम्मं लक्ष ओढणीकडे असतं. एका इमेज कन्सल्टंटने दीड लाखाचं पॅकेज सांगितलंय : ३५,००० त्यांची फी आणि १,१५,००० चे कपडे, चपला-बूट, बॅग. हा खर्च नसून स्वतःतली गुंतवणूक आहे, असं त्यांचं म्हणणं. सगळे पैसे दोन लाखांची एफडी मोडून उभे करता येतील, किंवा कपड्यांचे तेवढे क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयने. बचत खात्यात ३८,००० आहेत. घरखर्च महिना ४०,०००. मिस्टरांचा छपाईचा व्यवसाय आहे, त्यांचं उत्पन्न कमीजास्त होतं. ते म्हणतात, एवढा थाट कशाला. काय करू?

उत्तर : आधी मनापासून अभिनंदन. अकरा वर्षं आतल्या खोलीत ताळेबंद जुळवणारी बाई टेबलाच्या पुढच्या बाजूला येतेय, हे वाचून मला फार आनंद झाला. कामाला लागणारे कपडे हा रास्त खर्च आहे. मिस्टरांना यंत्राचा रोलर झिजला की बदलावा लागतो, तसाच हा. त्याबद्दल अवघडून जायचं कारण नाही. रकमेच्या बाबतीत मात्र मी त्यांच्या बाजूची आहे. दीड लाख फार होतात, आणि पैसे उभे करायचे तुमचे दोन्ही मार्ग मला पसंत नाहीत.

गुंतवणूक हा शब्द मी जपून वापरते. ज्यातून पुढे पैसे येण्याची वाजवी आशा असते, किंवा अडीनडीला जे मोडून पैसे हातात येतात, ती गुंतवणूक. कपडा एकदा अंगावर चढला की त्याला गिऱ्हाईक नसतं. शिवाय बढती तुम्हाला मिळालेलीच आहे, आणि ती याच चाळीस कुर्त्यांमध्ये मिळाली. म्हणून याला सरळ खर्च म्हणा. खर्च म्हटला की आपण भाव करतो, चार दिवस थांबतो. गुंतवणूक म्हटलं की हात सैल सुटतो.

आता ईएमआय. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते. नो-कॉस्टमध्ये बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी सूट विक्रेता किंवा कंपनी आधी देते. म्हणजे रोखीने घेताना भाव करून जी सवलत पदरात पडली असती, ती बहुधा त्या व्याजात जाते. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्याच बिलात येतो. १५ टक्के दर धरला तर १,१५,००० च्या खरेदीत बारा महिन्यांचं व्याज साधारण ८,८०० होतं, त्यावरचा कर जवळपास १,६००, आणि प्रोसेसिंग फी वेगळी. ही रक्कम फार मोठी नाही, मला खरी काळजी हप्त्याची आहे. महिन्याला ९,५८३ रुपये. तुमची पगारवाढ आहे १२,००० ची. म्हणजे वाढीतल्या दर शंभरातले ऐंशी रुपये वर्षभर कपाटात जाणार. त्यात एखाद्या महिन्यात छपाईची बिलं अडकली आणि कार्डाचं पूर्ण बिल भरता आलं नाही, तर उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. नव्या पदाचे पहिले बारा महिने अशा धास्तीत काढू नका.

एफडीला तर हात लावू नका. ४०,००० च्या घरखर्चाला दोन लाख म्हणजे पाच महिन्यांचा आधार. ज्या घरात एक उत्पन्न वरखाली होतं तिथे मी सहा महिन्यांचा आधार मागते, म्हणजे तुम्ही आधीच थोड्या कमी आहात. मुदतीआधी मोडली तर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का व्याज कापतात, पण माझा आक्षेप त्या कपातीला नाही. कपड्यांसाठी मोडलेली ठेव पुन्हा तेवढी होताना मी क्वचितच पाहिली आहे. तुमच्या पत्रात आरोग्यविम्याचा उल्लेख नाही. कुटुंबाची पॉलिसी नसेल तर वाढीव पगारातला पहिला खर्च तो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही.

मग कपड्यांसाठी किती? माझा आकडा आहे वर्षभरात ६०,०००. त्यातले २०,००० आत्ता बचत खात्यातून, उरलेले पुढचे दहा महिने वाढीव पगारातून दरमहा ४,००० काढून. वाढीतले ५,००० आवर्ती ठेवीत टाका, म्हणजे बचत खात्यातून काढलेले चार महिन्यांत भरून येतील आणि पुढे एफडीत भर पडत राहील. राहिलेले ३,००० घरात आणि विम्यात जाऊ द्यात.

हे २०,००० घेऊन दुकानात जाण्याआधी एक रविवार कपाटापुढे काढा. चाळीसही कुर्ते बाहेर काढा आणि गेल्या सहा महिन्यांत जे खरंच घातले तेवढे वेगळे करा. माझा अंदाज, दहा-बारा निघतील. आता नीट बघा, ते दहाच का? खांदा बरोबर बसतो, बाही कोपराला ओढत नाही, गळा खोल नाही, कापड चुरगळत नाही, स्कूटरवर बसताना चीर पुरेशी आहे. तुमच्या अंगाला आणि दिवसाला काय मानवतं याची यादी तुमच्याच कपाटाने तयार करून ठेवली आहे. त्या दहांतला सगळ्यात चांगला बसणारा कुर्ता शिंप्याकडे माप म्हणून द्या. बाकी तीसांतले जे कापडाने चांगले पण बसायला वाईट, ते उलटे करून शिवण तपासा. आत माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जास्तीचं कापड, सोडलेली असेल तर शंभर-दीडशे रुपयांत कुर्ता सैल होतो, आणि घट्ट करायचा तर माया लागतही नाही. सात-आठ कुर्ते तरी असे कामाला येतील.

ओढणीबद्दल तुम्ही एक वाक्य लिहिलंय, आणि मला सगळ्या पत्रात तेच महत्त्वाचं वाटलं. बोलताना निम्मं लक्ष ओढणीकडे असेल तर समोरच्या कर्जदाराकडे निम्मंच उरतं. हे दीड लाखाचं दुखणं नाही. ओढणी सारखी करावी लागते, कारण खालचा कुर्ता तिच्याशिवाय पुरेसा वाटत नाही : गळा मोठा, कापड पातळ, छातीत ओढलेला. जरा जाड सुती किंवा खादीचं कापड, बंद गळा किंवा छोटी कॉलर, पूर्ण अस्तर, कोपराखाली येणारी बाही असा कुर्ता शिवून घ्या. ओढणी हवी तेव्हा घ्या, नको तेव्हा घरी ठेवा. असे चार कुर्ते तुमच्या बोलण्यात जो फरक पाडतील तो कुठल्याही ब्रँडच्या लेबलने पडणार नाही.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तिच्याकडे शाळेच्या पाच सुती साड्या होत्या, त्यांतल्या दोन इरकली. शनिवारी दुपारी कांजी, रविवारी घडी करून गादीखाली. ब्लाऊज सगळे एकाच मापाचे, एकाच बाईने शिवलेले. फळ्यावर हात उंच करून लिहिताना तिला कधी पदर सावरावा लागला नाही, कारण खांद्यावर पिन आणि कमरेला निऱ्या पक्क्या बसलेल्या असायच्या. आज क्लासिक वॉर्डरोब म्हणून जे सांगतात, ते मी त्या पाच साड्यांत पाहिलंय.

कपडा महाग की स्वस्त हे लेबलवरून ठरवू नका, किती वेळा अंगावर येईल त्यावरून ठरवा. २,८०० ची चांगली काळी पॅन्ट आठवड्यातून दोनदा घातली तर वर्षात शंभर वेळा होते, दर वेळचे २८ रुपये. ९,५०० चा ब्लेझर सांगलीच्या उन्हात तुम्ही घालणार नाही. तो फक्त मुंबईच्या एसी खोल्यांसाठी, महिन्यातून दोनदा, म्हणजे पहिल्या वर्षी दर वेळचे चारशेच्या आसपास. ब्लेझर घेऊच नका असं मी म्हणत नाही. तो पाच-सहा वर्षं चालतो, हा हिशेब पुढे सुधारतो. फक्त तो पहिल्या खरेदीत नको. दोन-तीन मीटिंगा होऊ द्यात, तिथे तुमच्या पदाच्या बायका काय घालतात ते बघा, मग ठरवा.

पहिल्या २०,००० मध्ये मी हे बसवेन : जुन्या कुर्त्यांची दुरुस्ती, दोन पॅन्टा (एक काळी, एक गडद निळी), वर सांगितलेले चार कुर्ते कापड घेऊन शिवून, एक हातमागाची सुती साडी आणि तिचा नीट बसणारा ब्लाऊज, बंद पायाचे मऊ लेदर शूज. रंग दोन-तीनच ठेवा, म्हणजे कुठलाही कुर्ता कुठल्याही पॅन्टवर जाईल आणि सकाळी आरशापुढचा वेळ वाचेल. बॅग सध्याचीच चालेल, चेन तेवढी बदला. साडीवर कोल्हापुरी फार शोभते, आणि तिच्या जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनात आपला सांगली जिल्हाही आहे, पण जून ते सप्टेंबर ती घरीच ठेवा. ओलं कातडं सुटतं.

शिवून घ्या म्हणतेय त्यात कराचाही हिशेब आहे. सप्टेंबर २०२५ मधल्या जीएसटीच्या त्याच बदलापासून २,५०० पर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के जीएसटी लागतो. मूळ किंमत २,५०० असेल तर तुम्ही २,६२५ देता. मूळ २,६०० असेल तर ३,०६८. शंभर रुपयांच्या फरकाला ४४३ मोजायचे. तयार कुर्ता घ्यायचाच झाला तर तीन हजारांच्या आसपासची लेबलं सोडून द्या. कापडावर ५ टक्केच आहे, आणि गल्लीतल्या शिंप्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर शिलाईवर करच नाही. सुती कापड शिंप्याला देण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात माप बिघडेल. आयकरात कपड्यांची वजावट मिळते का, असंही पुष्कळ जणी विचारतात. रोजच्या कपड्यांना ती नाही. तुमच्या पगारावर नव्या करप्रणालीत तसाही कर येत नाही, त्यामुळे तो विचार सोडा.

कन्सल्टंटबाईंना मी वाईट म्हणणार नाही. ज्याला माप, रंग, कापड कळतं अशा माणसाचा सल्ला उपयोगी असतो. पण एक प्रश्न त्यांना जरूर विचारा : तुम्ही ज्या दुकानांत मला नेणार, तिथून तुम्हाला कमिशन मिळतं का? आमच्या पैशांच्या सल्ल्याच्या क्षेत्रात सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, २०१३ मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी नियम केले ते याच कारणाने, की सल्ला देणारा आणि माल विकून कमिशन घेणारा एकच असला की सल्ला झुकतो. त्यांचं उत्तर सरळ आलं आणि एकाच बैठकीची फी त्या घेणार असतील, तर चार महिन्यांनी एक बैठक घ्या. तोवर तुम्हाला कामाचा अंदाज आलेला असेल आणि प्रश्न नेमके असतील.

मिस्टरांना हा ६०,००० चा कागद दाखवा. एफडी शाबूत आहे आणि डोक्यावर हप्ता नाही, हे दिसलं की माणसाचा सूर बदलतो असा माझा अनुभव आहे.

आणि मुंबईच्या पहिल्या मीटिंगला नवा कपडा पहिल्यांदाच घालून जाऊ नका. आधीच्या आठवड्यात तो घालून ऑफिसला जा, स्कूटर चालवा, खुर्चीत तासभर बसा, वरच्या फळीवरची फाईल काढा. काखेत किंवा कमरेत कुठे ओढत असेल तर ते सांगलीतच कळू द्यात. शिंपी दोन दिवसांत दुरुस्त करून देईल.