बारावीनंतर मुलीला शेती शिकवायची का?

काटोल तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे : ‘चार एकर संत्रा आहे. मुलगी बारावी सायन्सला, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही आहे. बीएस्सी ॲग्री करीन म्हणते. यंदा मृग बहारासाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी) पाणी तोडून बाग ताणावर सोडली, तर मे महिन्यातच पाऊस आला. नवती (नवी पालवी) फुटली, फुलं नाहीत. ज्यात आमचंच भागत नाही त्यात पोरीला कशाला टाकू? मी इंजिनिअरिंग म्हणतो.’

नमस्कार भाऊ,

मुलीला शिकू द्या, असंच मी म्हणेन. तुमचा ताण तुटला, हाच तिच्या अभ्यासाचा विषय आहे. अवकाळी पाऊस, जुलैतला खंड, मग एका रात्रीत आठवड्याचं पाणी, हे आता चालूच राहणार. भारी जमिनीत पाणी साचलं की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येतो, आणि संत्र्याचं कलम जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेलं असेल तर तो लवकर येतो. नवीन बाग रंगपूर लाईम या दुसऱ्या खुंटावर लावायची का, चर कुठून काढायचा, पावसाने मोडलेला बहार सोडून आंबियाकडे (हिवाळ्याअखेरच्या बहाराकडे) वळायचं का? हे प्रत्येक वावरात वेगळं ठरतं, आणि ते बांधावर उभं राहून सांगणारी माणसं फार कमी आहेत.

संशोधन तर नागपुरातच आहे. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो, पांजरीला कापूस संशोधन संस्था. महाराजबागेचं कृषी महाविद्यालय 1906 पासूनचं. आणि हा प्रश्न एकट्या विदर्भाचा नाही. आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत याकुबा सावाडोगो या शेतकऱ्याने कडक झालेल्या पडीक जमिनीत उन्हाळ्यात खड्डे घेऊन त्यात शेणखत भरलं, पहिल्या पावसाचं पाणी तिथेच जिरवलं आणि ज्वारी-बाजरी उभी केली. 2018 मध्ये त्यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. खड्ड्याची ती पद्धत तिथली जुनीच, त्यांनी ती सुधारली. तुमच्या मुलीला तुमचं वावर पाठ आहे, ही तिची मोठी जमेची बाजू आहे.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. फक्त सरकारी पदाच्या भरवशावर पाठवणार असाल, तर थांबा. जागा थोड्या आणि उमेदवार ढीगभर. ठिबक कंपन्या, पीक विमा, शेतकरी उत्पादक कंपन्या, पाणलोटाची कामं करणाऱ्या संस्था इथे काम आहे, पण सुरुवातीचा पगार बेताचा आणि फिरती भरपूर. त्याची तयारी हवी.

तुम्ही इंजिनिअरिंग म्हणता, तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचं बीटेक आहे. मृद व जलसंधारण, सिंचन हे त्यातले मुख्य विषय. गणित आहे, तर सीईटीला गणिताचा आणि जीवशास्त्राचा असे दोन्ही गट द्यायला लावा, म्हणजे दोन्ही दारं उघडी राहतील. खासगी कॉलेज घेण्याआधी तिथलं प्रक्षेत्र (कॉलेजची शेती) स्वतः चालून पाहा. पिकाखाली जमीन नसेल तर फी भरू नका.

आणि फॉर्म भरण्याआधी तिला काटोलच्या फळ संशोधन केंद्रावर घेऊन जा. ताण तुटल्याचा प्रश्न तिलाच विचारू द्या, तुम्ही बाजूला उभे राहा.