गुठळ्याही होतायत आणि रक्तही थांबत नाही, हे कसं?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आम्ही धायरीला राहतो. माझा भाचा, वय २४, आठवडाभर हिरड्यांतून रक्त येत होतं, मांडीवर काळेनिळे डाग, आम्हाला वाटलं डेंग्यूच असणार कारण सोसायटीत सगळ्यांना तेच चाललंय. प्लेटलेट १८ हजार निघाल्या आणि स्लाइड बघून डॉक्टर म्हणाले ब्लड कॅन्सर आहे, एम-थ्री वाटतोय. रक्तात गुठळ्या होतायत म्हणतात आणि रक्तस्राव होईल असंही तेच म्हणतात. पक्का रिपोर्ट यायच्या आधीच कॅप्सूल सुरू केल्यात, हे बरोबर आहे का? प्लेटलेट चढवल्या तरी वर क्रायो नावाचा आणखी एक रक्तघटक कशाला?
– एक मावशी, पुणे

उत्तर: ताई, आधी कॅप्सूलचं सांगतो, कारण तुमच्या डॉक्टरांनी अगदी योग्य केलंय. एम-थ्री म्हणजे अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, या कॅन्सरमध्ये पहिले काही दिवसच सगळ्यात धोक्याचे, आणि पेशंट जातो तो बहुतेक वेळा मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊन. जनुकांचा रिपोर्ट यायला दिवस लागतात, तेवढं थांबायचं नसतं, नुसती शंका आली तरी त्याच दिवशी कॅप्सूल द्यायची, रिपोर्ट वेगळा आला तर बंद करता येते. ही ट्रेटिनॉइन, म्हणजे अ जीवनसत्त्वाचंच एक रूप. शांघायच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये तिचे निकाल छापले. ती कॅन्सरच्या कच्च्या पेशी मारत नाही, त्यांना पिकवते, आणि त्या पिकायला लागल्या की रक्ताचं बिघडलेलं गणितही हळूहळू सुधारतं.

आता गुठळ्यांचं. त्या कच्च्या पेशींतून असं काही बाहेर पडतं की बारीक बारीक नसांमध्ये नको तिथे रक्त गोठत राहतं, त्यात प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) दोन्ही संपतात. डब्यातलं पीठ सगळं भलत्याच ठिकाणी उडालं आणि पंगत बसल्यावर पोळीला काही उरलंच नाही, तसं. त्यात भर म्हणजे त्याच पेशी झालेल्या गुठळ्या विरघळवतात पण, म्हणून हिरडीतलं रक्त थांबत नाही.

म्हणूनच क्रायो. रक्त धरून ठेवणारा धागा फायब्रिनोजेनपासून बनतो, तो प्लेटलेटमधून पुरेसा मिळत नाही, क्रायोमधून मिळतो. साधारण प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर आणि फायब्रिनोजेन १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास किंवा वर ठेवायचा प्रयत्न असतो, त्यासाठी दिवसातून एकदा-दोनदा सुद्धा रक्त तपासतात, तेव्हा "सारखं सारखं रक्त काढतात" म्हणून बहिणीला चिडू देऊ नका.

भाच्याला ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक काहीही नको, दंडात कमरेत इंजेक्शन नको, ब्रश अगदी मऊ किंवा नुसत्या गुळण्या. डोकं जोरात दुखलं, उलटी झाली, दिसायला अंधुक झालं किंवा बोलणं अडखळलं तर रात्री ३ वाजता असेल तरी सिस्टरला उठवा. कॅप्सूल सुरू असताना ताप, धाप, अंगावर सूज आली तरी लगेच सांगा, त्यावर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड वेळेत द्यावं लागतं.

पुढे बहुधा आर्सेनिकची सलाइन लावतील, म्हणजे आपला सोमल. घाबरू नका, पण ते विष आहे हे खरंच, ईसीजी आणि पोटॅशियम बघत बघत हॉस्पिटलमध्येच द्यायचं असतं, कुणी नातेवाइकांनी भस्माची पुडी आणली तर ती घेऊ नका. पांढऱ्या पेशी १० हजारांच्या आत असतील तर या दोन औषधांवर, केमोशिवाय, बहुतेक पेशंट पूर्ण बरे होतात, फक्त हे सुरुवातीचे दिवस निभावले पाहिजेत.

आणि मंडळातल्या पोरांना आजच फोन करा, एसडीपीसाठी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनने काढायच्या प्लेटलेटसाठी, चार-पाच डोनर तयार ठेवा, ज्यांनी गेल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नाही असेच. मशीनवर तास-दीड तास बसावं लागतं, खाऊन या म्हणावं.