दर्यावर्दी: यातली 'वर्दी' अंगावर चढवायची नाही

प्रश्न असा आहे: 'दर्यावर्दी म्हणजे नौदलातला गणवेशधारी माणूस का? आणि मासेमारी करणाऱ्याला दर्यावर्दी म्हटलं तर चालेल का?'

पहिल्याचं उत्तर: नाही. गणवेशाशी या शब्दाचा काडीचाही संबंध नाही. हा गैरसमज ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. परवा एका व्याख्यानात वक्त्यांनी 'ज्यांनी दर्याची वर्दी अंगावर चढवली ते दर्यावर्दी' असं ठासून सांगितलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मागच्या फलकावर तर 'दऱ्यावर्दी' असं छापलं होतं! रफार दिला की समुद्र, र आडवा काढला की दरीचं अनेकवचन. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत जो फरक, तोच हा. एवढ्या एका खुणेने बिचारा माणूस समुद्रावरून थेट सह्याद्रीत जाऊन पडतो.

दर्या फारसी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. खरा ऐवज पुढे आहे. फारसीत समुद्रावर फिरणारा तो 'दर्यानवर्द' आणि त्याचा पेशा 'दर्यानवर्दी'. आजच्या इराणातही हेच शब्द चालतात. नवर्द म्हणजे तुडवत, पार करत जाणारा. डोंगर चढतो तो कूहनवर्द, वाळवंट तुडवतो तो सहरानवर्द, आणि अंतराळवीर फजानवर्द. पण 'नवर्दीदन' या क्रियापदाचा आणखी एक अर्थ आहे: गुंडाळणे. कापडाचा तागा गुंडाळतात तसं. पोलाद लाटण्याच्या कामालाही तिकडे नवर्दच म्हणतात. म्हणजे दर्यानवर्द हा पाणी गुंडाळत गुंडाळत पुढे जाणारा माणूस झाला. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कोश मिटून नुसता बसून राहिलो होतो. आणखी खोल गेलं तर हा 'वर्द' आपल्या वृत् धातूचाच भाऊबंद निघतो. वृत् म्हणजे फिरणे, वळणे. वर्तुळ त्यातलंच, आणि पाण्यातल्या भोवऱ्याला आपण आवर्त म्हणतो तेही त्यातलंच.

मग मधला 'न' गेला कुठे? माझं मत असं की तो मराठी कानाने खाल्ला. फारसी न येणाऱ्या माणसाने 'दर्यानवर्दी' ऐकलं, तेव्हा त्याला त्यात 'दर्यावर' ऐकू आलं. घोड्यावर, वाटेवर, तसं दर्यावर. अर्थही नेमका जुळत होता, कारण ही माणसं सदा दर्यावरच असायची. मग मध्ये लुडबुडणारा 'न' हवा कशाला? शेवटच्या 'ई'नेही मदत केली. माळी, तेली, शिपाई ही आपल्याकडे माणसांची नावं, म्हणून फारसीतलं पेशाचं नाव मराठीत येताना माणसालाच चिकटलं.

माझे एक स्नेही फारसीचे चांगले जाणकार आहेत. त्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते उच्चाराच्या सोयीसाठी एक अक्षर गळालं, बस्स. पण सोयच बघायची तर आधी 'र्द' हे जड जोडाक्षर गळायला हवं होतं. ते जसंच्या तसं टिकलं आणि हलकाफुलका 'न' तेवढा गेला, याला सोय म्हणायचं? हे मी त्यांना तीनदा विचारलं आहे. उत्तर मिळालेलं नाही.

'नाखुदा'चंही आपण असंच केलं. नाव आणि खुदा, म्हणजे नावेचा धनी. त्याचा मराठीत नाखवा झाला. आणि गाण्यांमधून या धन्याला लोक खुशाल वल्ही मारायला बसवतात! कोळीवाड्यात विचारा. नाखवा हा होडीचा मालक. होडी हाकतो तो तांडेल, आणि हाताखाली राबतात ते खलाशी.

खलाशीवरून आठवलं. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या हॉब्सन-जॉब्सन कोशात, हा शब्द 'खलाशा' म्हणजे सुकाणू या जुन्या फारसी शब्दावरून आला असावा, अशी एका विद्वान मित्राची सूचना नोंदवलेली आहे. मला ती अजिबात पटत नाही. त्याच नोंदीत खलाशी म्हणजे तंबू ठोकणारा, मोजणीदाराची साखळी धरणारा, असेही अर्थ दिले आहेत. तंबूला कुठलं आलंय सुकाणू? रेल्वेतही खलाशी असतात, त्यांचा तरी सुकाणूशी काय संबंध? त्यापेक्षा अरबी 'खलास', म्हणजे सुटका, जवळचा. दोर सोडणे-बांधणे हे काम जहाजावरही असतं आणि तंबूलाही.

राहिला दुसरा प्रश्न. मासेमारी करणाऱ्याला दर्यावर्दी जरूर म्हणावं. ज्याचं आयुष्य समुद्रावर जातं तो दर्यावर्दी, मग तो व्यापारी गलबतावर असो, आरमारात असो की जाळ्यावर. १६७९ साली खांदेरी बेटासाठी इंग्रजांशी झुंजलेला, शिवाजी महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी दर्यावर्दी, आणि आज पहाटे होडी लोटणारा कोळीही दर्यावर्दीच. विशेषण म्हणूनही शब्द चालतो: दर्यावर्दी लोक, दर्यावर्दी जमात. फक्त हा लिहिण्या-वाचण्यातला शब्द आहे, हाकेचा नाही. बंदरावर कुणी 'ओ दर्यावर्दी' असं ओरडत नाही. तिथे 'ओ तांडेल' म्हणायचं.