आजीला कुशीवर वळवणारा मुलगा

(इंदूरच्या राजेंद्रनगरातून एका वडिलांचं पत्र: मुलाची ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दोनदा हुकली. त्याला नर्सिंगला जायचंय. वडिलांना वाटतं, त्याने तिसऱ्यांदा परीक्षा द्यावी आणि लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांचा सर्जन व्हावं. मुलाचं वजन 118 किलो आहे.)

नमस्कार,

मुलाचे मार्क बाजूला ठेवते. मला खटकलं ते तुमचं एक वाक्य: ‘ज्याला स्वतःचं शरीर सांभाळता येत नाही, तो पेशंट काय सांभाळणार?’ हे तुम्ही पाहुण्यांदेखत त्याला ऐकवता, असंही लिहिलंय. कृपा करून आजपासून थांबवा. घालूनपाडून बोलल्याने कुणाचं वजन उतरत नाही, उलट माणूस दवाखान्याची पायरी चढायला लाजतो. तुमच्या आई तशाच लाजत राहिल्या आणि उपचाराला उशीर झाला, हे तुमच्याच पत्रात आहे. थायरॉइड, स्टेरॉइडची औषधं, आनुवंशिकता यांचाही वजनात वाटा असतो. त्याला एकदा चांगल्या फिजिशियनला दाखवा, तेही त्याची तयारी असेल तर.

आता तुम्ही दोन ओळींत उरकलेली गोष्ट. आजी न्यूमोनियाने ॲडमिट होत्या, वजन 130 च्या वर. रात्री तुमचा मुलगा थांबायचा, त्यांना कुशीवर वळवायचा. बीपी फार जास्त दिसलं, तेव्हा यानेच सिस्टरना दंडाला बसेल असा बीपी मोजायचा मोठा पट्टा, म्हणजे कफ, आणायला सांगितलं. अहो, लहान कफ लावला की बीपी खोटंच जास्त दिसतं आणि त्यावरून नको ती औषधं सुरू होऊ शकतात. तुमच्या मुलाला हे शिकण्याआधीच दिसलं.

‘नर्सिंग म्हणजे उचलाउचल, पोराची कंबर जाईल,’ हा तुमचा समज मात्र अर्धवट आहे. आजींसारख्या जास्त वजनाच्या पेशंटला निव्वळ ताकदीने उचलायचंच नसतं. घसरती चादर, हॉइस्ट म्हणजे पेशंटला उचलणारं यंत्र, रुंद आणि तेवढं वजन पेलणारा पलंग लागतो. हे नसतं तिथे नर्सच्या कमरा जास्त जातात. सपाट झोपवलं तर पोटाचा भार छातीवर येऊन श्वास कोंडतो, म्हणून डोकं-खांदे उंच ठेवावे लागतात. घड्यांमधली त्वचा ओली राहिली की चिघळते. सीटी स्कॅनच्या टेबलालाही वजनाची मर्यादा असते, ती पेशंटला तिथवर नेण्याआधीच विचारायची असते. काही औषधांचा डोस एकूण वजनावर ठरतो, काहींचा नाही. आणि हे सगळं करताना पेशंटला ओशाळं वाटू द्यायचं नाही. ज्या शस्त्रक्रियेचं तुम्हाला आकर्षण आहे, तिच्यानंतर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पेशंटला लवकर उठवून चालवावं लागतं. तिथे हाताला धरायला बहुतेक वेळा नर्सच असते.

सर्जनची वाट नीट, एमबीबीएस, एमएस आणि वर फेलोशिप अशी आहे, दशकभराची. त्याला ती नकोय. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं असतं. सरकारी कॉलेजांत मुलग्यांना किती जागा आहेत, ते अर्जाआधी वाचा. फिजिओथेरपीही त्याला आवडू शकेल; तिच्या प्रवेशाला नीट लागते का, ते मात्र आधी तपासा.

सर्जनच्या हट्टापायी तिसऱ्या नीटची फी भरू नका. त्याला माझ्याकडे पाठवा, पण एकट्याला.