तुकूम, तुडूम आणि मामा तलाव

प्रश्न असा आहे: चंद्रपूर-गडचिरोलीकडे काही गावांच्या नावापुढे 'तुकूम' लागते. ते 'तुकड्या'वरून आले का? आणि तिकडच्या 'मामा तलावां'तला मामा कोण?

मामाचे आधी उरकू, कारण ते सोपे आहे. हा मामा कुणाचाच नाही. 'माजी मालगुजारी' या सरकारी शब्दजोडीतला पहिला 'मा' आणि दुसरा 'मा' एकत्र आले, एवढेच. पूर्व विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली आणि गावोगावचे तलाव सरकारजमा झाले. तोवरचे 'मालगुजारी तलाव' एका रात्रीत 'माजी' झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा काही भाग मिळून असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत.

गोंधळ होतो तो पुढे. नावात मालगुजारी आहे म्हणून हे तलाव मालगुजारांनी बांधले, असे सर्रास लिहिले जाते. काही त्यांनी बांधलेही. पण मालगुजार म्हणजे मुळात गावाचा सारा गोळा करून भरणारा. माल म्हणजे सारा, गुजारी म्हणजे भरणा. त्याला गावाचा मालक केले ते इंग्रजांनी, १८६० च्या दशकातल्या जमाबंदीत. बरेच तलाव त्याआधीचे आहेत आणि त्यांच्यामागची व्यवस्था ज्या शब्दात उरली आहे तो शब्द म्हणजे तुकूम.

तुकूम ही चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांची देणगी. परंपरा तिचे श्रेय हीरशहाला देते. वंशावळीत तो बाबाजी बल्लाळशहाच्या आधी येतो आणि बाबाजीचा उल्लेख अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. म्हणजे गोष्ट सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या अलीकडची नाही. करार साधा होता: जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन सनदेने मिळेल. ती जमीन म्हणजे तुकूम, ती धरणारा तुकूमदार. तेव्हा उच्चार कितीही जवळचा वाटला तरी 'तुकडा' इथे लावू नये. तुकडा कशाचाही पडतो. तुकूम फक्त अटीवर मिळते.

या करारातली हुशारी बघण्यासारखी आहे. जमीन बिघ्यांत मोजून दिलेली नाही, पाण्याने मोजून दिली आहे. आकड्यांत मांडू. तलावाचे पाणक्षेत्र १० हेक्टर आणि वापरता येणारी सरासरी खोली दीड मीटर धरली, तर साठा १,५०,००० घनमीटर. बाष्पीभवन, पाझर आणि पाटातली गळती यात निम्मे गेले असे माना, उरले ७५,०००. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, ७५ मिलिमीटर पाण्याची एक पाळी द्यायची तर हेक्टरी ७५० घनमीटर लागतात. म्हणजे एका पाळीत १०० हेक्टर, दोन पाळ्यांत ५०. पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, गळकी निघाली की तुकूम आपोआप आक्रसते. राजाला तपासनीस पाठवायची गरज नाही. काम कच्चे ठेवणाऱ्याचेच नुकसान.

पाऊस १३०० मिलिमीटरच्या आसपास असताना तलाव कशाला, हाही प्रश्न येतो. पाऊस पडतो तो बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये. धान निसवते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि नेमका हस्त कोरडा गेला की लोंब्या पोचट राहतात. तलाव त्या दोन-तीन आठवड्यांसाठी आहे. उसाची गोष्ट वेगळी, त्याला बारमाही पाणी हवे. भंडारा-चांद्याकडचा कोहळी समाज ऊस आणि तलाव या दोन्हींसाठी नावाजलेला. चांद्याच्या राजाने काशीयात्रेत कोहळ्यांचे कसब पाहून त्यांना इकडे आणले, अशी त्यांच्यात समजूत आहे. नवेगाव बांधचा मोठा जलाशय कोलू पाटील कोहळी यांचा, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा मानला जातो. म्हणजे राज्य गोंडांचे, बांधकाम बऱ्याच ठिकाणी कोहळ्यांचे, मासेमारी ढिवरांची, आणि शब्द? ते तर आणखी दक्षिणेकडचे.

कारण तुकूमच्या शेजारीच दुसरा शब्द उभा आहे, तुडूम, आणि लिहिणारे या दोघांची हमखास अदलाबदल करतात. तुकूम जमीन आहे, तुडूम बांधकाम. पाळीच्या आतल्या अंगाला पायऱ्यांसारखे किंवा उभ्या खांबासारखे दगडी काम असते, त्यात एकाखाली एक भोके आणि प्रत्येकात लाकडी गुडदी, म्हणजे बूच. पाणी सोडताना वरची गुडदी आधी काढतात. पातळी तिच्याखाली गेली की पुढची. वरच्या थराचे पाणी निवळ असते, गाळ कमी येतो आणि दाबही बेताचा राहतो. घाई करून एकदम तळाची गुडदी ओढली तर गाळासकट लोंढा येतो आणि पाटाच्या तोंडाशी खांड पडते. तेलुगूत तलावाच्या या दाराला तूमु म्हणतात, कन्नडात तूबु, तमिळात तूंबु. प्राणहिता नदीपलीकडे काकतीय राजांचे रामप्पा, पाखाल यांसारखे तलाव आहेत आणि गोंडी स्वतः द्राविड कुळातली. तुडूम याच घराण्यातला दिसतो. मराठीतल्या 'तुडुंब'शी त्याचा संबंध लावायचा मोह आवरावा. तुडूम भरण्यासाठी नसतो, रिकामे करण्यासाठी असतो.

जास्तीचे पाणी जाते त्या सांडव्याला तिकडे सलंग म्हणतात, लहान तलावाला बोडी, पाणी वाटणाऱ्याला पाणकर. गावातली भांडणे बहुधा सलंगेवर होतात. खालचे शेतकरी साठा वाढावा म्हणून तिच्यावर मातीची पोती रचतात. वर तलावाच्या पोटात अतिक्रमण करून धान लावणारे तीच सलंग रात्री फोडतात. पोती ठेवणे जास्त धोक्याचे, कारण मोठा पाऊस आला तर पाणी सलंगेऐवजी पाळीवरून जाते आणि मातीची पाळ तासाभरात वाहून जाऊ शकते.

गाळ काढतानाही या शब्दांचा अर्थ ठाऊक नसल्याने पैसा वाया जातो. तुडुमाच्या सर्वांत खालच्या भोकाच्या खाली कितीही खोदले तरी ते पाणी पाटात येत नाही. मासे, गुरे, विहिरींचा पाझर यांना त्याचा उपयोग, सिंचनाला शून्य. पाळीच्या पायथ्याशी खोदले तर त्याहून वाईट: तिथला चिकणमातीचा थर फुटतो आणि तलाव खालून झिरपू लागतो.

आता गावांची नावे. सिंदेवाही तालुक्यात कळमगाव गन्ना आणि कळमगाव तुकूम अशी दोन कळमगावे आहेत. चंद्रपूर शहरातली ताडोबा रस्त्यावरची वस्ती तर नुसतीच तुकूम. याच याद्यांत 'चक', 'रीठ', 'मोकासा' भेटतात. त्यांची गल्लत करू नये: चक म्हणजे आखून वेगळा काढलेला जमिनीचा पट्टा, रीठ म्हणजे महसुली नाव असूनही वस्ती नसलेले गाव, मोकासा ही चाकरीबद्दलची नेमणूक. पाण्याची अट फक्त तुकुमाला.

रूप चालते 'हुकूम'सारखे: तुकूम, तुकुमाचा, तुकुमात, तसेच तुडूम, तुडुमाचे. ऊ दीर्घ ठेवून 'तुकूमाचा' लिहिणे चूक. गावाच्या नावाला मात्र स्थानिक लोक सरळ 'तुकूमला', 'तुकूममध्ये' असेच लावतात, ते तसेच राहू द्यावे.

आपल्या गावचा तलाव तुकुमाचा की नंतरचा, हे शोधायचे असेल तर सातबारावर थांबू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ खालचे निस्तारपत्रक आणि कलम १६५ खालचा वाजिब-उल-अर्ज तहसिलीतून मागवा. पहिल्यात सरकारी जमिनीवरचे गावाचे वहिवाटीचे हक्क असतात. दुसऱ्यात सरकारी मालकीची नसलेली जमीन आणि पाणी यांवरचे सिंचनाचे, वाटेचे, मासेमारीचे रिवाज नोंदलेले असतात. दोन्हींच्या जुन्या प्रती मागा; नव्या नकलांत 'तुकूम'चे 'तुकडा' केलेले सापडू शकते.