आकृतीखाली संदर्भ दिला, तरी परवानगी कशाला?

प्रश्न: माझ्या पीएचडीच्या प्रबंधाचं पुस्तक निघतंय. लाटेक या अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीत जुळणी मीच केली. दुसरीकडून घेतलेल्या प्रत्येक आकृतीखाली संदर्भक्रमांक आहे, तरी प्रकाशक परवानगीपत्रं मागतात. एक आकृती तर माझ्याच जुन्या शोधलेखातली आहे. काय करू?

उत्तर: प्रकाशकांची मागणी रास्त आहे. संदर्भ दिल्याने वाङ्मयचौर्याचा आरोप टळतो; नक्कल छापण्याचा हक्क मात्र त्यातून मिळत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे आकृती, नकाशा, तक्ता (चार्ट), छायाचित्र या स्वतंत्र कलाकृती आहेत. कलम ५२ मधली संशोधनासाठी विनापरवानगी वापराची सवलत खासगी वापरापुरती आहे. विक्रीच्या पुस्तकाला तिचा आधार घेऊ नका. समीक्षेची सवलत उरते, पण त्यासाठी आकृती तुमच्या चिकित्सेचा खरोखर भाग हवी. नुसती सजावट म्हणून चालणार नाही.

स्वतःच्या लेखाबद्दल बहुतेक लेखक गाफील असतात. लेख छापून येताना सही केलेला करार शोधून काढा. हक्क नियतकालिकाकडे सोपवले असतील, तर तुम्हालाही परवानगी घ्यावी लागेल. करारात मुदतच लिहिलेली नसेल, तर कलम १९ नुसार ती ५ वर्षं धरतात. तेवढा काळ उलटला असेल तर तुमची बाजू भक्कम आहे.

परवानगी लेखी घ्या. पत्रात आकृतीचा क्रमांक, छापील आणि ई-आवृत्ती, भाषा, विक्रीचा प्रदेश हे सगळं लिहा. फक्त छापील प्रतीपुरती घेतलेली परवानगी ई-पुस्तकाच्या वेळी अपुरी पडते. हक्कधारकाने श्रेयओळ ठरवून दिली असेल, तर ती शब्दशः छापा.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर सर्वांना वापरू दिलेल्या आकृतीला वेगळ्या परवानगीची गरज नाही, पण ‘[१४]’ असा नुसता संदर्भक्रमांक तिथे पुरत नाही. कर्त्याचं नाव, परवान्याचं नाव व दुवा आणि केलेले बदल द्यावेच लागतात. परवान्यात ‘एनसी’ (व्यावसायिक वापर नको) असेल तर विक्रीच्या पुस्तकात ती वापरू नका. ‘एनडी’ (बदल नको) असेल तर तिच्यात बदल करून छापू नका.

लाटेकच्या जुळणीत एक चूक हमखास होते. आकृतीखालचा मजकूर देणाऱ्या ‘कॅप्शन’ या आज्ञेत महिरपी कंसाआधी चौकोनी कंसात छोटं शीर्षक द्या. ते दिलं नाही, तर श्रेयओळ आणि संदर्भ पूर्णच्या पूर्ण आकृतीसूचीत जातात. सूची पुस्तकाच्या सुरुवातीला असते. त्यामुळे उल्लेखाच्या क्रमाने आकडे देणाऱ्या शैलीत ‘[१]’ हा क्रमांक तिथेच खर्ची पडतो आणि पुढचे सगळे सरकतात. परवानगीपत्रावर लिहिलेल्या आकृतिक्रमांकांचा मेळही शेवटच्या प्रुफाशी घाला.

परवानगी वेळेत आली नाही, तर मूळ आकडेवारीवरून आलेख नव्याने काढा. आकडे ही वस्तुस्थिती असते, तिच्यावर कॉपीराइट नसतो. खाली ‘आकडेवारी अमुक यांची, आलेख लेखकाचा’ असं लिहा. तीच रेखाटणी गिरवून रंग बदलणं मात्र नक्कलच ठरेल.